शताधिपती की सुभेदार?

जयपूरच्या सी-स्कीम भागात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात काही दिवस माझा मुक्काम होता. नातवंडे हिंदीतून शिकणारी; म्हणून कौटुंबिक उपासनेत शास्त्रपाठ हिंदीतूनच होई. एका सायंकाळी मत्तयाचा आठवा अध्याय वाचला गेला. आपल्या चाकरासाठी कफर्णहूमात प्रभूकडे आलेला रोमी अधिकारी आपल्या मराठी शास्त्रात ‘शताधिपती’ आहे. हिंदीत तो ‘सूबेदार’ निघाला. आजी म्हणाल्या, “सुभेदार म्हणजे मल्हारराव होळकर! एवढा प्रांताचा धनी चाकरासाठी स्वतः कशाला येईल?”

आजींची शंका रास्त होती. मराठेशाहीतील सुभेदार हा सुभ्याचा कारभारी. परंतु इंग्रजी अमदानीतील फौजेत तेच नाव पलटणीतल्या हिंदी अंमलदाराला मिळाले. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, ते या दुसऱ्या अर्थाने. हिंदी भाषांतरातही हाच अर्थ घ्यावयाचा.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शंभरांवरील नायक’ असा आहे. निर्गम १८:२१ मध्ये मोशेने शंभरा-शंभरांवर नेमावयाचे जे नायक, त्यांनाही जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे. मार्काने मात्र वधस्तंभाजवळच्या अधिकाऱ्यासाठी ‘केन्तुरिओन’ हा लॅटिन शब्दच ग्रीक अक्षरांत ठेवला (१५:३९). भाषांतरकाराला अशा वेळी मार्काचा हेवा वाटतो! नाव शंभराचे असले, तरी त्या काळी अशा तुकडीत बहुधा ८० शिपाई असत. सहा तुकड्यांची एक पलटण व दहा पलटणींचे एक सैन्यदल. द्राक्षवेलीची काठी ही शताधिपतीची खूण. शिपायांच्या पाठीला ती चांगली परिचयाची होती. आपल्याकडे शिवकालीन पायदळातील जुमलेदार हा साधारण याच तोलाचा, पण आज तो शब्द किती वाचकांना कळेल?

मी आजवर ‘शताधिपती’चाच कैवारी होतो. तो अर्थाने चोख व कानाला भारदस्त आहे. पण त्या सायंकाळी नववे वचन ऐकताना मी अडखळलो. तो मनुष्य प्रभूला आपला अधिकार सांगतो, पण आरंभ करतो तो आपण दुसऱ्याच्या ताब्यात आहोत येथून. त्याच्या शब्दाने शिपाई जातो-येतो, कारण त्याच्या मागे वरिष्ठांचा व शेवटी कैसराचा शब्द उभा आहे. प्रभूच्या नुसत्या शब्दाने दुखणे जाईल, हा त्याचा विश्वास याच अनुभवातून आला. ‘अधिपती’ म्हणताच आपल्यापुढे राजा उभा राहतो. राजाच्या वर कोण? याउलट फौजेतला सुभेदार शंभर शिपायांना हुकूम देई, आणि कोवळ्या इंग्रज साहेबालाही सलाम करी. दोन्ही हात त्या एका शब्दात दिसतात.

तरीही मराठीत मी ‘सुभेदार’ घालणार नाही. आजींचे मल्हारराव आडवे येतात. ‘शताधिपती’च ठेवावा. मात्र पाठ वाचून दाखविणाऱ्याने नवव्या वचनातील ‘ताब्यात’ या अर्थाच्या शब्दावर किंचित थांबावे. आजींना मी एवढेच सांगितले. त्यांनी चष्मा लावून आपले मराठी शास्त्र उघडले व ते वचन पुन्हा, मोठ्याने वाचले.