वाशिमचा काश्मिरी खासदार आणि सरांची अट

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र घेतलंय. आमचे आबाजी नेहमी सांगतात, ‘आपल्या वाशिमातून काश्मीरचा मानूस खासदार झालता.’ प्रकल्पाला हाच विषय घ्यावा म्हणते, पण सरांची अट आहे की नेटवरचं उतरवलेलं चालणार नाही. हाताशी मोबाइल आहे, मोठं ग्रंथालय नाही. शोधू कुठे? आणि इतक्या लांबचा माणूस इथून उभा राहू शकतो तरी कसा?
— एक वाचक, शेलूबाजार (ता. मंगरुळपीर)

उत्तर : आबाजींचं खरं आहे. 1980 साली गुलाम नबी आझाद वाशिममधून लोकसभेवर निवडून आले आणि 1984 ला पुन्हा आले. ते जम्मू-काश्मीरच्या डोडा भागातले. त्याआधी, 1977 ला, हीच जागा वसंतराव नाईकांकडे होती. ते पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे अगदी घरचेच. घरच्या माणसानंतर थेट डोड्याचा माणूस, तोही लागोपाठ दोनदा! विषय सोडू नका.

आता सरांची अट. सर नेटवर चिडलेले नाहीत, उताऱ्यांवर चिडलेले आहेत, असा माझा अंदाज. एकाच नोट्स दहा ठिकाणी चिकटवलेल्या असतात, त्या वाचून कोणताही मास्तर वैतागेल. पण निवडणूक आयोगाचा छापील अहवाल स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवला, म्हणून तो ‘नेटवरचं’ होत नाही. तो अहवालच राहतो. तळटीपेत ‘गुगल’ किंवा ‘इंटरनेट’ असं लिहू नका. अहवालाचं नाव, साल, खंड, पान लिहा आणि कोणत्या तारखेला पाहिला तेही लिहा. मग सरांना बोलायला जागा उरत नाही.

सुरुवात तिथूनच करा. आयोगाच्या संकेतस्थळावर 1951-52 पासूनच्या प्रत्येक लोकसभा निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल मोफत आहेत. 1980 च्या अहवालात महाराष्ट्र काढा, त्यात वाशिम. उमेदवार, पक्ष, प्रत्येकाची मतं, सगळं आहे. 1977 आणि 1984 चे अहवालही उतरवून घ्या आणि तिन्हींचा एकच तक्ता करा. नाईकांच्या वेळी मतदान किती झालं, आझादांच्या वेळी किती, विरोधात कोण होतं, फरक वाढला की घटला, हे त्या तक्त्यावरूनच कळेल. तेवढं केलंत तरी प्रकल्पाचा अर्धा भाग तुमचा स्वतःचा झाला.

इथे एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. ‘वाशिम जिल्हा 1980’ असं शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण तेव्हा हा जिल्हाच नव्हता. वाशिम अकोला जिल्ह्यात होतं, जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. (इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये तर ते ‘बासिम’ आहे.) पुढे 2008 च्या पुनर्रचनेत वाशिम हा लोकसभा मतदारसंघच गेला. 2009 पासून यवतमाळ-वाशिम आला आणि आपल्याच जिल्ह्यातलं रिसोड अकोल्याकडे गेलं. म्हणून 1984 चा आकडा 2009 च्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका, मतदारसंघाची हद्दच वेगळी आहे. पुनर्रचनेचा आदेशही आयोगाकडे आहे. शेलूबाजार त्यात कुठे बसतं ते तुम्हीच शोधा, मी सांगत नाही.

‘उभा राहू शकतो कसा’ या प्रश्नाला नोट्समध्ये एका ओळीचं उत्तर मिळेल. तुम्ही कायदाच उघडा. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 आहे. त्यातलं कलम 4 म्हणतं की लोकसभेच्या सर्वसाधारण जागेसाठी उमेदवार देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघात मतदार असला की पुरे. विधानसभेला मात्र, कलम 5 प्रमाणे, त्याच राज्यातला मतदार लागतो. म्हणजे आझाद वाशिमचे खासदार होऊ शकले, पण डोड्यातला मतदार राहून कारंज्याचे आमदार होऊ शकले नसते. राज्यसभेला 2003 पर्यंत त्या राज्याचा मतदार असण्याची अट होती. ती काढली, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2006 मध्ये कुलदीप नायर खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. निकाल वाचा. इंग्रजी जड जाईल, तर सुरुवातीचा सारांश आणि शेवटचा निष्कर्ष तरी वाचा.

खरी अडचण इंग्रजीच आहे, ते मला कळतं. पेपर मराठीत आणि कागद इंग्रजीत. संविधानाची अधिकृत मराठी प्रत नेटवर मिळते, ती मोबाइलमध्ये कायमची ठेवा, म्हणजे संज्ञा तिथूनच उचलता येतील. मराठी विश्वकोशाच्या नोंदीही मोफत आहेत. जुन्या मराठी पीडीएफमध्ये शब्द टाकून शोध लागत नाही. त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटात आहेत किंवा नुसती छायाचित्रं आहेत. तिथे अनुक्रमणिका पाहून पानं उलटण्याला पर्याय नाही. विकिपीडिया उघडायला हरकत नाही, पण तिथल्या तळटीपांपर्यंत जा आणि परत या. चॅटबॉटला संदर्भ मागू नका. तो न झालेल्या खटल्याचं नाव पानासकट सांगतो, आणि इतक्या ठामपणे की आपणच चुकलो असं वाटावं.

आझादांनी लोकसभेत वाशिमसाठी काय केलं, हेही पाहता येईल. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुने वादविवाद आहेत, सदस्याच्या नावाने शोधा. 1982 पासून ते उपमंत्री होते, त्यामुळे पुढे त्यांचं नाव प्रश्न विचारणाऱ्यांपेक्षा उत्तरं देणाऱ्यांत जास्त दिसेल. त्यावरून ‘मतदारसंघाकडे दुर्लक्ष’ असा निष्कर्ष घाईने काढू नका, मंत्री स्वतः सभागृहात प्रश्न विचारत नाहीत.

आता नेटवर नाही ते. त्या काळातली वऱ्हाडातली मराठी वृत्तपत्रं बहुतेक तिथे नाहीत. त्यासाठी एक दिवस अकोल्याला जा, जुन्या वाचनालयात फाइली मागा, जानेवारी 1980 पासून सुरू करा. आणि त्याआधी आबाजींना समोर बसवून मोबाइलचं रेकॉर्डिंग लावा. प्रचाराची जीप कुठे थांबायची, उमेदवार कोणत्या भाषेत बोलायचे, गावातल्या कोणी त्यांच्यासाठी मतं मागितली, हे विचारा. नाव आणि तारीख आधी बोलून घ्या, परवानगीही रेकॉर्डवर घ्या. सर विचारतील, तेव्हा ती मुलाखतही तळटीपच असते.