शब्द ओळखू या : ‘पे’ आणि त्याच्या बहिणी



आपण हप्ता भरतो, कर्ज फेडतो, मजुरी देतो, दुकानात पैसे मोजतो. मराठीत प्रत्येक कामाला वेगळा शब्द. इंग्रजीत मात्र या सगळ्याला एकच शब्द चालतो, ‘पे’. पण बँकेच्या मेसेजमध्ये आणि मोबाइलवर त्याच्या बहिणीही भेटतात. वरवर सगळ्यांचा अर्थ ‘पैसे गेले’ असाच वाटतो. स्वभाव मात्र वेगवेगळे. बघू या.

पे : कशाचे तरी पैसे देणं. किराणा, वीजबिल, मजुरी.

सेंड, ट्रान्सफर : सेंड म्हणजे नुसतं पाठवणं. हॉस्टेलवर राहणाऱ्या लेकीला पैसे पाठवले, ते सेंड. गटाच्या खात्यातून सदस्याच्या खात्यात वळते केले, ते ट्रान्सफर.

रिपे : इथे ‘रि’ म्हणजे परत. घेतलेले पैसे परत करणं, म्हणजेच फेडणं. कर्जाच्या कागदावर ‘रिपेमेंट’ दिसलं की समजा, परतफेड.

विथड्रॉ : आपलेच पैसे आपण खात्यातून रोख काढणं.

डेबिट : खात्यातून वजा होणं. पैसे कशासाठी गेले हे हा शब्द एकटा सांगत नाही, म्हणून पुढचं वाचायचंच. मे-जूनमध्ये २० किंवा ४३६ रुपये डेबिट झाले की काही जणी घाबरतात. २० रुपये सुरक्षा विम्याचे आणि ४३६ रुपये जीवनज्योती विम्याचे असतात, वर्षातून एकदाच कापले जातात. तेव्हा खातं रिकामं असेल तर हप्ता जात नाही आणि विमा बंद पडू शकतो. त्या दिवसांत तेवढी शिल्लक ठेवा. विमा घेतलेलाच नसेल, तर मात्र बँकेत जाऊन विचारा.

ड्यू आणि पेड : ड्यू म्हणजे भरायचे बाकी. पेड म्हणजे भरून झाले. हप्ता भरल्यावर पावती नीट बघा. त्यावर ‘पेड’ हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिसीव्ह म्हणजे मिळणं. ही ‘पे’ची बहीण नाही, नेमकी उलट आहे. कुणी फोन करून म्हणालं, “ताई, अनुदान आलंय, पिन टाका म्हणजे जमा होईल,” तर फोन ठेवून द्या. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो पैसे देताना नाहीतर शिल्लक बघताना. स्क्रीनवर ‘पे’ लिहिलेलं असेल तर पैसे आपल्याच खात्यातून जाणार, समोरचा काहीही सांगो. फसवणूक झालीच तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

बैठकीत करून बघा : प्रत्येकीने बँकेचा शेवटचा मेसेज उघडायचा, त्यातला शब्द शोधायचा आणि पैसे गेले की आले, कशासाठी, ते मराठीत सांगायचं. जिला वाचता येत नाही तिच्या शेजारी वाचणारी बसवा. पिन आणि ओटीपी मात्र शेजारणीलाही सांगायचा नाही!