ट्रॅक्टरचा पी. टी. ओ. : रचना, बिघाड व दुरुस्ती

ट्रॅक्टर म्हणजे बैलांच्या जागी आलेले, ओढण्याचे काम करणारे यंत्र, एवढीच कल्पना प्रारंभी रूढ होती. परंतु ओढण्याच्या कामात एंजिनाची बरीच शक्ति मऊ जमिनीवर चाके घसरण्यात व्यर्थ जाते. तीच शक्ति एका फिरत्या दांड्यावाटे सरळ औजाराकडे पोचविली, तर हा अपव्यय पुष्कळ अंशी टळतो. ट्रॅक्टरच्या पाठीमागे दोन्ही चाकांच्या मध्ये जो खाचांचा पोलादी दांडा बाहेर आलेला दिसतो, तो याच कामासाठी असतो. त्यास आपल्याकडील शेतकरी व मिस्त्री ‘पी. टी. ओ.’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. म्हणून येथेही तेच नाव वापरले आहे. अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९१८ मध्ये आपल्या ‘८-१६’ या ट्रॅक्टरवर तो बसवून बाजारात आणला. पुढे त्याची मापे व वेग ठरवून देण्यात आले आणि एका कारखान्याचे औजार दुसऱ्या कारखान्याच्या ट्रॅक्टरला जोडणे शक्य झाले.

भारतात दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत लहान ट्रॅक्टरचा आराखडा तयार झाला व त्यावरून १९७४ पासून मोहाली येथे ‘स्वराज’ ट्रॅक्टर बनू लागले. आज त्याहूनही लहान, पंधरा-वीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर फळबागांतून व द्राक्षमळ्यांतून फिरताना दिसतात. औषध फवारणारा ब्लोअर, रोटाव्हेटर, पंप ही त्यांची बहुतेक कामे पी. टी. ओ.वरच चालतात. साहजिकच, तो बिघडला की ट्रॅक्टर चालू असूनही काम बंद पडते.

लहान ट्रॅक्टरवर साधारणपणे सहा खाचांचा, सुमारे ३५ मिलिमीटर व्यासाचा दांडा असतो. या खाचांना कारखान्यात ‘स्प्लाइन’ म्हणतात. मागे उभे राहून पाहिल्यास दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि त्याचा नियत वेग मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास नऊ फेरे असतो. आता थोडे गणित करू. ३५ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचा परीघ सुमारे ११० मिलिमीटर भरतो. सेकंदास नऊ फेरे धरले, तर त्यावर अडकलेले उपरणे, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर सेकंदाला जवळजवळ एक मीटर या गतीने गुंडाळला जाईल. माणसास ओरडून एंजिन बंद करण्यास सांगावयाचे, तेवढ्या वेळात सर्व काही होऊन जाते. दांड्यावरील पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन अडचणीचे वाटून काढून टाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती सर्वथैव घातक होय. दुरुस्तीनंतर हे आच्छादन पुन्हा बसविले नाही, तर दुरुस्ती पुरी झाली असे समजू नये.

आणखी एक हिशेब उपयुक्त आहे. या दांड्यावाटे पंधरा अश्वशक्ति जात असेल, तर ५४० फेऱ्यांना त्यावर पडणारा पीळ सुमारे १९५ न्यूटन-मीटर होतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास वीस किलोग्रॅम वजन टांगावे, तेवढा हा पीळ झाला. परंतु हे झाले सरळ चालीचे. रोटाव्हेटरचे पाते दगडावर आदळले, की क्षणभर हाच पीळ कित्येक पटींनी वाढतो. स्प्लाइन पिळवटलेल्या दिसल्या, तर त्यांचे कारण बहुधा येथेच सापडेल.

सर्वांत अधिक आढळणारी तक्रार म्हणजे मागील बाजूने तेल गळणे. दांडा जेथून बाहेर पडतो तेथे एक बेअरिंग व त्याबाहेर रबरी ओठाचे एक ऑइल सील असते. गळती दिसली की सील बदलावयाचे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे आणि दोन महिन्यांनी तेच सील पुन्हा गळू लागते. याचे कारण असे, की सील हे रोगाचे स्थान नसून बहुधा केवळ लक्षण असते. बेअरिंग झिजल्यामुळे दांडा हेलकावे घेऊ लागला, तर कोणतेही नवे सील त्यास चोहोंकडून सारखे धरून राहू शकणार नाही. तेलाच्या पेटीचे श्वासछिद्र मातीने बुजले असले, तरीही तेल तापून आतील दाब वाढतो व चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. हे छिद्र साफ करण्यास एक पैसाही लागत नाही. म्हणून ते प्रथम पाहावे.

दुरुस्तीपूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, एंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि चाकांना ओट लावावी. औजार व त्याचा जोडदांडा सोडवून, मागील भाग डिझेलने स्वच्छ धुवावा. धुतल्याशिवाय उघडल्यास माती आत जाऊन नवे बेअरिंगही खराब होते. आता पी. टी. ओ.चा दांडा हाताने वर-खाली हलवून पाहावा. स्पष्ट खेळ जाणवला, तर बेअरिंग गेले असे समजावे. नंतर तेल स्वच्छ भांड्यात काढावे. ते दुधाळ असल्यास आत पाणी शिरले आहे. तळाच्या बुचास लोहचुंबक असेल, तर त्यावरील मऊ काळा लेप नेहमीचा होय. परंतु खवले किंवा दातांचे तुकडे सापडले, तर आतील गिअरही उघडून पाहिले पाहिजेत.

मागील झाकणाचे बोल्ट काढले, की पुष्कळ ट्रॅक्टरांत दांडा बेअरिंगसह मागे ओढून काढता येतो. झाकणाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असल्यास त्यांची संख्या व क्रम लिहून ठेवावा. सर्क्लिप काढून बेअरिंग पुलरने उतरवावे. हातोड्याने मारून उतरवू नये. बेअरिंगवर कोरलेला आकडा वाचण्यासारखा असतो. उदाहरणार्थ, ६२०७ या आकड्यातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले, की आतील भोक ३५ मिलिमीटर हे कळते. त्याचा बाहेरील व्यास ७२ व रुंदी १७ मिलिमीटर असते. मात्र आपल्या ट्रॅक्टरवर कोणता आकडा आहे हे जुन्या बेअरिंगवरूनच पाहावे. दुकानदाराच्या अंदाजावर विसंबू नये.

सीलचा ओठ दांड्यावर जेथे घासतो तेथे नख फिरवावे. नख अडकेल एवढी खाच पडली असेल, तर नवे सील लवकरच गळेल. अशा वेळी तेथे पातळ पोलादी बाही चढवितात, किंवा जागा असल्यास सील किंचित आत-बाहेर बसवून ओठास नवा पृष्ठभाग देतात. स्प्लाइनची झीज एकाच बाजूस होते. कडा धारदार झाल्या असतील, तर दांडा बदलणेच योग्य. वेल्डिंगने भरून कानशीने घासलेल्या स्प्लाइन पाहावयास मिळतात खऱ्या, पण उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि असा दांडा फार काळ टिकत नाही.

नवे बेअरिंग चढविताना पदार्थविज्ञानाची मदत घ्यावी. ते तेलाच्या भांड्यात, तळास न टेकवता, सुमारे १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे. तापमान सत्तर अंशांनी वाढले, की ३५ मिलिमीटरचे भोक सुमारे ०.०३ मिलिमीटरने मोठे होते. एवढी वाढ अल्प दिसते, तरी बेअरिंग हाताने सरकून बसण्यास ती पुरेशी असते. दाबून बसवावयाचेच असेल, तर दाब आतील कड्यावरच द्यावा. बाहेरील कड्यावर दिलेला ठोका गोळ्यांतून जातो, त्यामुळे गोळ्यांच्या मार्गावर बारीक खड्डे पडतात व पहिल्या दिवसापासून आवाज येऊ लागतो. सील बसविताना त्याची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवावी आणि स्प्लाइनच्या कडांनी ओठ कापू नये म्हणून त्यांवर पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा. ओठास थोडे तेल लावावे. गॅस्केट नवे घ्यावे.

पी. टी. ओ. मधूनच सुटत असेल, तर गुंतविणाऱ्या दातांचे कोपरे झिजलेले किंवा खटक्याची स्प्रिंग सैल झालेली असते, ती बदलावी.

परंतु बेअरिंग मुळात का गेले, याचा शोध बाहेरच्या जोडदांड्यात घ्यावा लागतो. या दांड्याच्या दोन्ही टोकांस ‘क्रॉस’ असलेले सांधे असतात. असा सांधा कोनात फिरताना गति एकसारखी देत नाही. कोन ३० अंशांचा असल्यास पुढील दांड्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा मूळ वेगाच्या ०.८७ पटीपर्यंत उतरतो व दोनदा १.१५ पटीपर्यंत चढतो. दुसऱ्या टोकाचा सांधा हीच विषमता उलट दिशेने भरून काढतो. मात्र त्यासाठी दोन्ही सांध्यांचे कोन समान असावे लागतात आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत असावे लागतात. साफसफाईसाठी दांड्याचे दोन भाग वेगळे केले आणि जोडताना काटे आडवे-उभे झाले, तर विषमता नाहीशी होण्याऐवजी वाढते. त्या थरकापाने बेअरिंग व सील दोन्ही जातात.

दुसरा दोष लांबीचा. जोडदांडा एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. औजार वर-खाली करताना एखाद्या स्थितीत तो पुरा मिटून तळास टेकला, तर ट्रॅक्टरच्या दांड्यावर पुढच्या दिशेने जबर रेटा बसतो; बेअरिंग तो सोसण्यासाठी बनविलेले नसते. म्हणून एंजिन बंद ठेवून, औजार निरनिराळ्या उंचीवर टेकू देऊन धरावे व सर्वांत अपुऱ्या अंतरातही नळ्यांना दोन-तीन सेंटिमीटर वाव राहतो की नाही ते मोजावे. न राहिल्यास दोन्ही नळ्या व त्यांवरील आच्छादने सारखीच कापावीत. सर्वांत लांब स्थितीतही नळ्या एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या असाव्यात.

जुळणी झाल्यावर तेल खुणेपर्यंत भरावे, आच्छादन बसवावे आणि एंजिन बंद असता, पी. टी. ओ. सुटा ठेवून, दांडा हाताने फिरवून पाहावा. मग औजार न जोडता मंद गतीने पाच मिनिटे चालवावे. या वेळी सर्वांनी दूर उभे राहावे; जवळ जाऊन पाहावयाचे ते एंजिन बंद करून, दांडा पुरता थांबल्यावरच. दहा तासांच्या कामानंतर झाकणाचे बोल्ट व तेलाची पातळी पुन्हा एकवार तपासावी.