एक संगणक, अनेक वापरकर्ते

एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६१ साली अशा व्यवस्थेचे प्रात्यक्षिक झाले. दूरच्या सर्व्हरवर ब्राउझर चालविणारी आजची कार्यालये त्याच परंपरेतील होत. कोणाला काय करू द्यावे, हा प्रश्नही त्या परंपरेबरोबरच आला आहे.

समजा, विंडोज सर्व्हरवरील फायरफॉक्स ब्राउझरमध्ये एखादे अ‍ॅड-ऑन चालेनासे झाले. अशा वेळी ‘परवानगी नाही’ एवढेच ऐकू येते. परंतु या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी सामावलेल्या असतात.

पहिली परवानगी फाइलींची. प्रत्येकाची अ‍ॅड-ऑन त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये साठविली जातात. तेथे लिहिण्याची मुभा नसेल, तर अ‍ॅड-ऑन बसतच नाही. विंडोजला प्रोफाइल उघडता आले नाही, तर ते तात्पुरते प्रोफाइल देते आणि वापरकर्ता बाहेर पडताच त्यातील सर्व काही नाहीसे होते. अ‍ॅड-ऑन रोज नव्याने बसवावे लागत असल्यास प्रथम याच कारणाचा संशय घ्यावा.

दुसरी परवानगी प्रशासकाच्या धोरणाची. २०१८ सालच्या साठाव्या आवृत्तीपासून फायरफॉक्समध्ये अशी धोरणे लागू करण्याची सोय आहे. कोणती अ‍ॅड-ऑन चालावीत, कोणती रोखावीत, हे त्यांत ठरविता येते. ‘अबाउट:पॉलिसीज’ या पानावर लागू असलेली धोरणे दिसतात. अडचण आलेल्या व्यक्तीच्याच खात्यातून ते पान पाहावे. कारण धोरण काही खात्यांपुरतेही असू शकते.

तिसरी परवानगी अ‍ॅड-ऑन स्वतः मागते. सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची मुभा हे तिचे उदाहरण होय. शिवाय, २०१९ सालच्या सदुसष्टाव्या आवृत्तीपासून खाजगी खिडकीत नव्या अ‍ॅड-ऑनला वेगळी अनुमती द्यावी लागते.

म्हणून शोधाचा आरंभ एका साध्या प्रश्नाने करावा : अडचण एकालाच आहे की सर्वांना? एकालाच असेल, तर दोष बहुधा त्याच्या प्रोफाइलमध्ये किंवा त्याने दिलेल्या अनुमतीत असतो. सर्वांना असेल, तर धोरण तपासावे.

हा क्रम टाळून त्या व्यक्तीस प्रशासकाचे अधिकार देऊन टाकण्याचा मोह होतो. कदाचित त्यामुळे अडचण दूरही होईल. परंतु सामायिक सर्व्हरवर असे अधिकार मिळालेल्याला इतरांच्या फाइलींपर्यंतही पोहोचता येते. ज्या पातळीवर नकार मिळाला, त्याच पातळीवर आणि गरजेपुरतीच मुभा देणे, हाच येथे सुरक्षित उपाय होय.