लाल तेल सगळ्याच गाड्यांत चालत नाही



मुलांना शाळेत सोडायला येणाऱ्या पालकांच्या गाड्यांत आता ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच दिसतात. मोटार क्लबच्या तासाला मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: "सर, गिअरबॉक्समध्ये चांगल्यातले सिंथेटिक तेल घातले की झाले ना?" या प्रश्नाचे उत्तर मी गेल्या मे महिन्यात बरुआसागरला रस्त्याच्या कडेला उभा राहून दिले. तोच प्रसंग आज धडा म्हणून सांगतो.

धाकट्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागराजला एसएसबीसाठी हजर व्हायचे होते. झाशीला जुन्या सहकाऱ्याकडे मुक्काम करून आम्ही दुपारी मऊरानीपूरच्या रस्त्याला लागलो. गाडीत पाच माणसे, टपावर सामान, बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन. बेतवाचा पूल ओलांडला आणि पुढे ट्रकांच्या रांगेत तासभर मुंगीच्या पावलांनी सरकत राहिलो. झाशीपासून वीसेक किलोमीटरवर बरुआसागर लागते. ओरछ्याचे राजे उदित सिंह यांनी बांधलेला तलाव आणि त्याच्या काठचा किल्ला ही गावाची ओळख. १७४४ मध्ये पेशव्यांच्या फौजेची बुंदेल्यांशी लढाई झाली ती इथेच. मुलाला हे सांगत होतो तेवढ्यात इंजिन जोरात ओरडू लागले, पण गाडी ओढेना. क्षणभराने धक्का बसून ती पुढे जाई, पुन्हा तेच.

सावलीला गाडी घेतली आणि खाली वाकून पाहिले. गिअरबॉक्सच्या तेलाच्या कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीची क्लिप सैल झाली होती आणि लाल तेल टपटप गळत होते. जवळच्या मिस्त्रीने दहा मिनिटांत क्लिप बदलली. प्रश्न उरला तो गळून गेलेल्या तेलाचा. त्याने फळीवरून दोन बाटल्या काढल्या. पुढे सोनेरी अक्षरांत 'सिंथेटिक एटीएफ' असे लिहिलेले. "साहब, लाल है, सिंथेटिक है, सबमें चलता है," तो म्हणाला. माणूस प्रामाणिक होता. त्याला जे ठाऊक होते तेच तो सांगत होता.

मी बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली. तेल डेक्सरॉन-३ प्रतीचे होते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत कंपनीने कमी जाडीचे, वेगळ्या प्रतीचे तेल सांगितले होते. दुपारचे चार वाजले होते आणि मुलगा घड्याळाकडे पाहत होता.

त्या क्षणी मला माझी जुनी चूक आठवली. वर्कशॉपमध्ये बावीस वर्षे काढलेल्या मी, थोरल्या भावाच्या गाडीत एकदा न वाचताच एटीएफ ओतले होते. "ऑटोमॅटिक आहे ना, मग हेच लागते," असे म्हणून. ती गाडी सीव्हीटी होती. महिन्याभरात गिअरबॉक्स घरघरू लागला आणि शेवटी अख्खा बदलावा लागला. भाऊ मला एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागले.

मी बाटल्या परत दिल्या. मुलाला त्याची बॅग आणि कागदपत्रे देऊन बसने झाशीला रवाना केले, तिथून रात्रीच्या रेल्वेने प्रयागराज. गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून झाशीला नेली आणि योग्य तेल मिळेपर्यंत दोन दिवस थांबलो. हा निर्णय का घेतला, ते समजायला आधी हे तेल करते काय ते पाहू.

हे तेल काय काम करते?

इंजिन ऑइलचे मुख्य काम वंगणाचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाला एकाच वेळी चार कामे करावी लागतात. पहिले, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे पोहोचवणे. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधला दुवा तेल हाच असतो. दुसरे, व्हॉल्व्ह बॉडीतून दाबाने वाहत जाऊन क्लच दाबणे आणि सोडणे, म्हणजेच गिअर बदलणे. तिसरे, गिअर आणि बेअरिंग यांना वंगण देणे. चौथे, उष्णता उचलून कूलरकडे नेणे. रांगेत सरकत असताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल सतत घुसळले जाते आणि तापते. आमच्या गाडीचे तेल नेमके तेव्हाच कमी झाले. पंपाला तेल पुरेना, दाब घटला, क्लच घसरू लागले. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, याचा अर्थ हा.

ऑटोमॅटिक गिअर ही केवळ चैनीची वस्तू आहे असे समजू नका. १ नोव्हेंबर १९४८ रोजी ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे साडेअकरा हजार फुटांवरची झोजिला खिंड चढून गेले, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. ते एम-५ जातीचे होते. त्यांत दोन कॅडिलॅक इंजिने आणि प्रत्येक इंजिनाला हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असे. मजा अशी की खास ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी तेलाची पहिली ठरावीक प्रत, जनरल मोटर्सची 'टाइप ए', त्यानंतर म्हणजे १९४९ मध्ये आली.

घसरण हवी, पण मोजकी

वंगण म्हणजे घर्षण कमी करणे, असे आपण शिकतो. इथे मात्र तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांनी एकमेकींना पकडायचेही असते. तेल फार निसरडे असेल तर प्लेटा घसरून जळतात. पुरेसे निसरडे नसेल तर प्रत्येक गिअरला धक्का बसतो, गाडी थरथरते. हा तोल साधण्यासाठी तेलात घर्षण बदलणारी द्रव्ये घालतात. एके काळी त्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि तेल कंपन्यांना नवी रासायनिक द्रव्ये शोधावी लागली. तेव्हापासून प्रत्येक गिअरबॉक्स बनवणारा आपल्या क्लच प्लेटांच्या मटेरियलला जुळणारी द्रव्ये ठरवतो. म्हणून दोन बाटल्यांतले तेल रंगाने, वासाने सारखे असूनही गाडीला ते सारखे नसते. लाल रंग तर केवळ टाकलेला रंग आहे. गळती दिसावी आणि इंजिन ऑइलशी गल्लत होऊ नये, एवढाच त्याचा उपयोग.

'सिंथेटिक' शब्द काय सांगतो?

कोणत्याही तेलात मूळ तेल आणि मिसळलेली द्रव्ये असे दोन भाग असतात. 'सिंथेटिक' हा शब्द फक्त मूळ तेलाबद्दल बोलतो. काही सिंथेटिक तेले रासायनिक प्रक्रियेने रेणू जोडून बनवतात, तर काही खनिज तेलावरच खूप खोल प्रक्रिया करून मिळवतात. बाजारात दोन्हींना हाच शब्द लावला जातो. फायदे खरे आहेत: थंडीत तेल लवकर वाहते, उष्णतेत कमी पातळ होते आणि उशिरा खराब होते. ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. बुंदेलखंडाच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात हा गुण मोलाचा आहे. पण क्लच कसे पकडतील, हे 'सिंथेटिक' शब्द सांगत नाही. ते सांगते तेलाची प्रत.

जाडीचेही तसेच. १०० अंश सेल्सिअसला डेक्सरॉन-३ ची जाडी साधारण साडेसात सेंटिस्टोक असते. २००५ मध्ये आलेल्या डेक्सरॉन-६ ची सहाच्या आसपास. आठ-दहा गिअरच्या काही नव्या गाड्यांची तेले याहून पातळ, साडेचारच्या घरात. व्हॉल्व्हची बारीक छिद्रे ठरावीक जाडीसाठी आखलेली असतात. जाड तेल घातले की गिअर उशिरा पडतात.

निवड कशी करावी?

१. आधी गिअरबॉक्स ओळखा. ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत चार वेगळे प्रकार आहेत. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला एटीएफ लागते. सीव्हीटीत गिअरऐवजी पट्टा आणि पुली असतात, त्याला सीव्हीटीचेच तेल लागते. दुहेरी क्लचच्या डीसीटीला तिचे वेगळे. एएमटी म्हणजे आपला नेहमीचा गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते. त्याला सहसा साध्या गिअरबॉक्सचेच तेल लागते.

२. गाडीची पुस्तिका उघडा आणि तेलाची प्रत जशीच्या तशी वहीत लिहून घ्या. अक्षर आणि आकडा दोन्ही. 'डेक्सरॉन' एवढेच लिहिणे म्हणजे पत्त्यावर फक्त गावाचे नाव लिहिणे.

३. बाटलीच्या पुढचे मोठे अक्षर सोडा, मागचे बारीक वाचा. 'या प्रतीला मंजुरी आहे' आणि 'या गाड्यांसाठी योग्य' ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्यात गाडीच्या कंपनीने तेल तपासून परवानगी दिलेली असते, दुसऱ्यात तेल विकणारा स्वतःची ग्वाही देतो. वॉरंटी चालू असेल तर पहिलेच घ्या.

४. प्रत जुळणारी दोन तेले समोर असतील, तर मगच सिंथेटिकचा विचार करा. उन्हात, घाटात, ओझे घेऊन चालणाऱ्या गाडीला जास्त पैसे देणे वसूल होते.

५. सीलबंद बाटली आणि पक्के बिल घ्या. बिल गाडीच्या कागदांत ठेवा.

तेल बदलताना

खालचा बोल्ट काढला की सगळे तेल निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. समजा एकूण आठ लिटर आहे आणि तीन लिटर निघते. एकदा बदलल्यावर जुने तेल ५/८ उरते. दुसऱ्यांदा २५/६४, म्हणजे सुमारे ३९ टक्के. तिसऱ्यांदा सुमारे २४ टक्के. म्हणून चुकीचे तेल एकदा आत गेले की ते एका फेरीत बाहेर येत नाही. बरुआसागरला माझा हात थांबला त्याचे हेही एक कारण. तेलाची पातळीही पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच मोजावी, कारण तापले की तेल फुगते.

आणि 'हे तेल गाडीच्या आयुष्यभर चालते' असे कोणी म्हटले, तर पुस्तिकेतले कठीण वापराचे पान वाचा. ऊन, धूळ, गर्दी, ओझे यांसाठी तिथे बहुधा वेगळी मुदत दिलेली असते.

आता एक प्रामाणिक प्रश्न. चुकीचे तेल कधीच घालू नये का? जिवाचा प्रश्न असेल, रुग्ण गाडीत असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर जवळात जवळचे एटीएफ घालून गाडी सुरक्षित ठिकाणी न्यावी. कारण तेल कमी असताना चालवणे त्याहून वाईट. नंतर ते पूर्ण काढावे लागेल हे मनात धरूनच तसे करावे. माझ्याजवळ त्या दिवशी बस होती, रेल्वे होती, गाडी वाहून नेणारे वाहन होते. अडचण फक्त घाईची होती, आणि घाई म्हणजे आणीबाणी नव्हे.

मुलगा वेळेवर हजर झाला. रात्री उशिरा त्याचा रेल्वेतून फोन आला. पहिला प्रश्न त्याने विचारला तो असा: "बाबा, पुस्तिकेत नेमकी कोणती प्रत लिहिली होती?" मी पुस्तिका पुन्हा उघडली आणि वाचून दाखवली.

स्वाध्याय

१. घरच्या गाडीची पुस्तिका पाहून गिअरबॉक्सचा प्रकार आणि तेलाची प्रत वहीत लिहा.
२. एकूण सहा लिटर तेल आहे आणि दर वेळी दोन लिटर निघते. तीनदा बदलल्यावर जुने तेल किती टक्के उरेल?
३. क्लच प्लेटांना पूर्ण निसरडे तेल का चालत नाही? पाच ओळींत लिहा.

जय हिंद.