दीर्घकालीन आजार आणि घराचा हिशेब



आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ज्या रोगांची धास्ती वाटत असे, ते रोग अचानक येत. पटकी, देवी, प्लेग यांची साथ आली की आठ-पंधरा दिवसांत माणूस एक तर उठून बसे, नाही तर घर रिकामे करून जाई. लसीकरण, स्वच्छ पाणी आणि नवी औषधे यांमुळे हे चित्र पालटले. देवीचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला.

आज आपल्या घरांत जे आजार आहेत ते गुपचूप येतात आणि मुक्कामाला राहतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, जुनाट दमा, कर्करोग. यांतले बरेचसे पूर्ण बरे होत नाहीत, पण ताब्यात ठेवता येतात. त्यासाठी रोजचे औषध लागते, आणि रोजच्या औषधाला दर महिन्याला पैसे लागतात. या लेखात आपण आजार आणि पैसा या दोन्ही बाजू एकत्र पाहणार आहोत, कारण घरात त्या एकत्रच येतात.

१. आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०१७ साली देशातील सर्व राज्यांच्या आरोग्याचा अहवाल प्रसिद्ध केला. १९९० साली देशातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३८ टक्के मृत्यू असंसर्गजन्य आजारांमुळे होत होते. २०१६ साली हे प्रमाण जवळजवळ ६२ टक्क्यांवर पोहोचले. एका पिढीच्या काळात हा बदल झाला.

२०२३ साली याच परिषदेचा आणखी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि सुमारे ३१ कोटी ५० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे दर तीन प्रौढांमागे एकाहून अधिक जणांचा रक्तदाब वाढलेला आहे. रविवारच्या मिस्सेला आपण ज्या बाकावर बसतो, त्या बाकावरच असे दोन-तीन जण असणार, आणि त्यांतल्या काहींना ते ठाऊकही नसेल.

२. हे केवळ श्रीमंतांचे आजार आहेत काय?

‘शुगर’ हा खात्यापित्या घरचा, जाड माणसाचा आजार आहे, अशी समजूत अजूनही आढळते. ही समजूत चुकीची आहे, हे आपल्याच महाराष्ट्रात दिसून आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळे हाताला बारीक लागत, पण त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. पुढे अशा माणसाला बेताच्या वजनावरही मधुमेह होऊ शकतो.

म्हणून शेतमजूर, रिक्षाचालक, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळ्या करणारे कामगार आणि धुणीभांडी करणाऱ्या भगिनी यांनी ‘मी तर सडपातळ आहे’ म्हणून निश्चिंत राहू नये. आई गरोदरपणात उपाशी राहिली, तर त्याची किंमत मूल चाळिसाव्या वर्षी मोजते. गरोदर स्त्रीच्या ताटात सर्वांच्या शेवटी उरलेले वाढू नये, ही आरोग्याचीच शिकवण आहे.

३. पैसा नेमका कुठे जातो?

आजारपणाचा खर्च म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रुग्णालयाचे मोठे बिल येते. पण कुटुंबाला हळूहळू पोखरणारा खर्च बहुतेक वेळा औषधांच्या दुकानात होतो. २०११-१२ सालच्या सरकारी पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासानुसार, त्या एका वर्षात उपचारांच्या खर्चामुळे सुमारे ५ कोटी ५० लाख भारतीय दारिद्र्यरेषेखाली गेले. त्यांपैकी सुमारे ३ कोटी ८० लाख लोक केवळ औषधांच्या खर्चामुळे गेले.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एका घरात आईला मधुमेह आणि वडिलांना रक्तदाब आहे. दोघांच्या गोळ्यांना महिन्याला १,५०० रुपये आणि दर तीन महिन्यांच्या तपासण्यांना ९०० रुपये लागतात. वर्षाचे झाले २१,६०० रुपये. दहा वर्षांत हा आकडा २,१६,००० वर जातो, आणि यात एकदाही रुग्णालयात दाखल होणे धरलेले नाही. पगारदार माणसाला हे कसेबसे झेपते. ज्याची मिळकत कांद्याच्या किंवा द्राक्षांच्या भावावर अवलंबून आहे, त्याला भाव पडलेल्या वर्षीही गोळ्या मात्र तेवढ्याच लागतात.

पवित्र शुभवर्तमानात संत मार्कने (५:२५-२६) बारा वर्षे आजारी असलेल्या एका स्त्रीविषयी सांगितले आहे. तिने अनेक वैद्य केले आणि जवळ होते नव्हते ते सर्व खर्च केले, तरी तिला गुण आला नाही. आजार आणि दारिद्र्य हातात हात घालून येतात, हे शुभवर्तमानकाराच्या नजरेतून सुटले नाही.

४. गोळी बंद करण्याची किंमत

महिनाअखेरीस पैसे कमी पडले की घरात पहिली कात्री कशाला लागते? दूध बंद होत नाही, मुलांच्या शाळेची फी चुकत नाही. आईची गोळी मात्र चुकते. ‘मला काही त्रास होत नाही, पगार झाल्यावर आणू,’ असे ती म्हणते. दोन दिवसांचे दहा दिवस होतात.

येथेच खरा धोका आहे. वाढलेला रक्तदाब आणि वाढलेली साखर वर्षानुवर्षे दुखत-खुपत नाहीत. पण त्या काळात मूत्रपिंडे, डोळ्यांचा पडदा, हृदय आणि मेंदू यांच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत असतात. त्रास जाणवू लागतो तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. मग अर्धांगवायू येतो, नजर जाते, पायाची जखम चिघळते किंवा मूत्रपिंडे निकामी होतात.

डायलिसिसचा विचार करा. आठवड्यातून दोनदा म्हटले तरी वर्षाला १०४ खेपा, आणि प्रत्येक वेळी साधारण चार तास. डायलिसिस शासकीय योजनेतून मोफत झाले, तरी पेठ किंवा सुरगाण्याहून नाशिकला येण्याजाण्याचे भाडे लागते. रुग्णाचा रोज बुडतो आणि सोबत येणाऱ्याचाही बुडतो. दोघांचे मिळून वर्षाला २०८ दिवस गेले. रोजची गोळी महाग वाटते, पण न घेतलेली गोळी तिच्याहून कितीतरी महाग पडते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काही जण नवस बोलल्यावर किंवा प्रार्थनासभेला गेल्यावर औषध बंद करतात. प्रार्थना अवश्य करावी. पण संत लूक स्वतः वैद्य होता, अशी आपली परंपरा आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करणे म्हणजे श्रद्धा नव्हे.

५. आपल्या हाताशी काय आहे?

(अ) मोफत तपासणी व औषधे : असंसर्गजन्य आजारांसाठी केंद्र शासनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्याखाली तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व मधुमेह तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत केली जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रे, महापालिकेचे दवाखाने आणि आपले जिल्हा रुग्णालय येथे या आजारांची नेहमीची औषधे मिळण्याची सोय आहे. हृदय, मूत्रपिंड व कर्करोग यांच्या उपचारांसाठी शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे.

(आ) जनऔषधी दुकाने : जेनेरिक म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी मूळ औषधाच्या नावाने विकली जाणारी औषधे. केंद्र शासनाने २००८ साली सुरू केलेल्या जनऔषधी योजनेतील दुकानांत ती निम्म्याहूनही कमी किमतीत मिळू शकतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘औषधाचे मूळ नाव लिहून द्या.’ यात संकोच कसला?

(इ) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ च्या नोव्हेंबरात ती नाशिकसह सर्व राज्यात आली आणि २०१७ साली तिला आजचे नाव मिळाले. २०२३ साली शासनाने ती सर्व कुटुंबांना लागू करून संरक्षण वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय घेतला. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन प्रथम त्यांना भेटावे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा : ही योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च ती देत नाही. म्हणूनच वरील (अ) आणि (आ) महत्त्वाचे आहेत.

(ई) वयस्कर मंडळी : ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेखाली कार्ड काढता येते.

(उ) कामगार विमा : ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांना व त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना औषधोपचार मिळतात. किमान पाच वर्षे विम्याखाली काम करून निवृत्त झालेल्या कामगाराला व त्याच्या जोडीदाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून हे उपचार पुढेही घेता येतात. निवृत्तीच्या गडबडीत हा अर्ज राहून जातो. तो राहू देऊ नका.

६. घरात आणि धर्मग्रामात

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे एक लहान चमचा, खाण्याचा सल्ला देते. राष्ट्रीय पाहणीत (२०१७-१८) भारतीय माणसाचे मीठ सरासरी आठ ग्रॅम आढळले. लोणचे, पापड, फरसाण आणि सुकी मासळी रोज ताटात असू नये. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी आणि तंबाखू घराघरांत आहे. ती सुटली तर आरोग्य आणि पैसा दोन्ही वाचतात. रोज अर्धा तास भरभर चालायला तर काहीच पैसे लागत नाहीत.

आपल्या लघु ख्रिस्ती समूहांनीही विचार करावा. वस्तीतले कोण एकटे आहे, कोणाची गोळी चुकते, कोणाला अर्ज भरता येत नाही, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते. समूहातील एखाद्या परिचारिकेने किंवा फार्मसी शिकलेल्या तरुणाने महिन्यातून एकदा शेजारच्या दहा घरांचा रक्तदाब मोजला, तर ती मोठी सेवा ठरेल. आजाऱ्याच्या घरी फळे घेऊन जाण्याची आपली रीत चांगली आहे. मधुमेहाच्या रुग्णाकडे मात्र फळांऐवजी महिन्याच्या गोळ्यांचे पाकीट घेऊन जावे.

समूहात चर्चेसाठी प्रश्न :

१) आपल्या घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर गेल्या वर्षभरात तपासली गेली आहे काय?

२) पैशांची ओढाताण झाली की आपल्या घरात कोणाचे औषध आधी थांबते? तिचेच का थांबते?

३) आपल्या घरातील औषधांवर महिन्याला किती खर्च होतो? त्यांतली कोणती औषधे शासकीय केंद्रात किंवा जनऔषधी दुकानात मिळतील?

४) आपल्या वस्तीत योजनेचा लाभ मिळू शकेल, पण कागदपत्रांअभावी अडकले आहे, असे कोणते कुटुंब आहे? या आठवड्यात त्यांच्यासोबत कोण जाईल?