लॅपटॉपच्या आवाजातील दोषांची परीक्षा

आसेगावसारख्या गावातील शाळेत लॅपटॉपला ध्वनिवर्धक जोडून कविता ऐकवावी, तो वाद्ये स्पष्ट वाजावीत आणि शब्द मात्र लुप्त व्हावेत, असा प्रकार कधी कधी घडतो. शब्दच ऐकू आले नाहीत तर मुलांनी कविता म्हणावी कशी? तथापि शिक्षकांनी यंत्र बिघडले असे समजून पाठ सोडू नये. ३.५ मिलिमीटरची पिन पुरती आत न गेल्यास तिचा समाईक जोड सुटतो व डाव्या-उजव्या बाजूंमधील केवळ फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्हींकडे समान असल्याने नाहीसा होतो. पिन घट्ट बसवावी.

सतत गुणगुण येत असल्यास चार्जर काढून पाहावा. ती थांबली तर दोष विजेच्या जोडणीत आहे. आपली वीज सेकंदास ५० आवर्तने करते, त्यांचाच तो नाद असतो. खरखर येत असल्यास प्रथम आवाज कमी करावा, नंतर दुसरे ध्वनिमुद्रण लावून पाहावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कारण निश्चित कळते. ही परीक्षा वरच्या इयत्तेतील मुलांकडून करवून घ्यावी; विज्ञानाचा पाठ अनायासे होईल.